पाचवं शील आणि बादलीची तोटी

मिलिंद, तू गेल्याला आज सात आठवडे झाले आणि तुला सांगायची एक गोष्ट माझ्याकडे पडून आहे. विसरलो असं नाही. चार वेळा अगदी ओठांवर आली आणि चारही वेळा मी ती गिळून टाकली. ‘बिअरच्या घोटासारखी’ असं लिहिणार होतो, पण आपल्या सुरुवातीच्या बिअरी आठवल्या आणि थांबलो. त्या कुठं गिळल्या जात होत्या?

तुझ्याविषयी जे रीतसर सांगायचं ते तुझ्या ऑफिसच्या पत्रात येऊन गेलं. तुझं संशोधन, तुझे विद्यार्थी, तुझी शिस्त. ते वाचून तुझ्या सुजातानं मला फोन केला, ‘अविनाशभाऊ, हे कोणाबद्दल लिहून राहिले हो?’ मला हसू आलं, तिलाही आलं.

आपली ओळख रविवारच्या मराठी वर्गाबाहेरच्या बाकावर झाली. आत आपल्या मुली ‘माझा आवडता ऋतू’ या विषयावर निबंध लिहीत होत्या. सिंगापुरात! बाहेर मी एका तिसऱ्याच बापाला माझं दुःख ऐकवत होतो. घरी बिअर करायचा छंद लागलाय, घरच्यापुरती करायला इथं परवानगी आहे, पहिली चांगली झाली, नंतरच्या चारही बिघडल्या. बाटली उघडली की जखमेवर लावायच्या पट्टीचा वास येतो. तो बिचारा मान डोलावत सुटकेची वाट बघत होता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला पेपर वाचत बसलेला तू एकदम वळलास.

‘वास केव्हा येते? भरताना येते, की बाटली उघडल्यावर?’

‘उघडल्यावर. तुम्हीपण करता का बिअर?’

‘छे हो. मी पीतच नाही.’

‘मग?’

‘वास येते म्हणता ना? म्हणजे तिथं कोणीतरी राहायला आलं आहे.’

तू हे इतक्या शांतपणे म्हणालास की मला आधी तू अंगारे-धुपारेवाला वाटलास. मग कळलं की तू नागपूरचा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहेस, आणि माझ्या घरात जे राहायला आलं होतं त्याची घराणी, खाणंपिणं आणि लग्नसंबंध तुला तोंडपाठ आहेत.

पुढच्या शनिवारी तू पासिर रिसहून बुकित बातोकला आलास. एमआरटी मेट्रोच्या एका टोकाला तू, जवळजवळ दुसऱ्या टोकाला मी, मधे जुरोंग ईस्टला गाडी बदलायची. तासाभराच्या वर प्रवास. खांद्याला मासे आणायची थंड पिशवी, तिच्यात काचेच्या बशा आणि कापसाचे बोळे. प्रयोगशाळेतलं काही आणायचं नाही हा तुझा नियम होता, म्हणून तू पदरमोड करून जुना मायक्रोस्कोप घेतला होतास आणि तो तुमच्या स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी ठेवला होतास. सुजाता म्हणायची, ‘स्वतः पीत नाही आणि लोकांना पाजायला बेटाच्या त्या टोकाला जातो.’ त्यावर तुझं उत्तर ठरलेलं, ‘मी पाजत नाही. मी स्वच्छता करतो.’

मी पहिल्याच दिवशी यजमानधर्म म्हणून ग्लास पुढं केला होता. तू तो घेतलास, नाकाशी धरलास, डोळे मिटून दोन मिनिटं उभा राहिलास आणि परत दिलास.

‘आईनं पंचशील शिकवलं लहानपणी. पहिल्या चारांत माझी कधीमधी गडबड होते. पाचवं, न पिण्याचं, मात्र पक्कं पाळतो.’

‘पण चव घेतल्याशिवाय कळणार कसं?’

‘अरे, वास घ्यायचा नाही असं त्यात कुठं सांगितलं आहे? बोल, करतो कुठं?’

करायचो बॉम्ब शेल्टरमध्ये. इथल्या प्रत्येक फ्लॅटला ती एक जाड भिंतींची, लोखंडी दाराची खोली असते. सरकारनं ती युद्धासाठी बांधली, लोक तिच्यात तांदूळ, सुटकेसा आणि जुने पंखे ठेवतात. मी बादली ठेवली. झाकणाची, खाली तोटी असलेली मोठी बादली, ओल्या टॉवेलात गुंडाळलेली, बाजूला बर्फाच्या बाटल्या. बॉम्ब बाहेरून येणार या हिशेबानं ते दार बसवलंय. आमच्या घरी स्फोट आत झाला. तिसऱ्या घाण्याची एक बाटली भरदुपारी फुटली, आणि अंजलीनं मोठ्या शांतपणे ते लोखंडी दार लावून घेतलं. म्हणाली, ‘प्रथमच उपयोग झाला हो खोलीचा.’

मला वाटलं होतं तू दोन-तीन शनिवार येशील. तू चौदा महिने आलास.

तुझी पद्धत पोलिसांची होती. प्रत्येक घाण्याला वहीत एक पान. पाणी किती उकळलं, यीस्ट कधी घातलं, झाकण कोणी उघडलं, तेव्हा पंखा चालू होता का. आणि एक नियम, जो तू मला पाढ्यासारखा म्हणायला लावायचास. एका टायमाला एकच गोष्ट बदलायची. ‘दोन बदलल्या की खून कोणी केला ते समजत नाही, अविनाश. आणि समजलं असं वाटलं तर ते अजून वाईट.’ म्हणून एका महिन्यात फक्त रबरी नळी नवी, पुढच्या महिन्यात फक्त झाकण नवं. दर वेळी बिअर तीन-चार आठवड्यांनी उघडायची, आणि दर वेळी तोच पट्टीचा वास. मी हिरमुसायचो. तू वहीत फुली मारून म्हणायचास, ‘छान! झाकण सुटलं.’ तुला माझ्या बिअरपेक्षा संशयितांची काळजी जास्त होती.

चौथ्या महिन्यात तुझी नजर आमच्या दह्यावर गेली. ओट्यावर विरजण लावलेलं पातेलं, त्यापासून हातभर अंतरावर माझी उकळती बिअर. तू चमचाभर दही मागितलंस. अंजलीला वाटलं खायला हवंय, तिनं वाटीभर आणलं, वर साखर घालून. तू म्हणालास, ‘वहिनी, बिनसाखरेचं. तपासायला.’

‘तपासायला? माझं दही?’

‘फक्त संशय आहे.’

‘मिलिंदभाऊ, सोळा वर्षं या घरात दही लागतंय. यांची बिअर आली परवा. संशय घ्यायचाच तर नव्या माणसावर घ्या. आणि एक सांगून ठेवते, दह्याला काही बोललात तर या घरातला दहीभात तुम्हाला बंद.’

तू नमुना घेतलास, पण त्या दिवशी दहीभात दोनदा मागून खाल्लास, बहुधा पुढचा भरवसा नव्हता म्हणून. तीन शनिवारांनी तू दारातच जाहीर केलंस, ‘वहिनी, तुमचं दही निर्दोष सुटलं आहे. त्यातली मंडळी फार चांगल्या घरची आहेत.’ ते वाक्य अंजली आजही येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते. माझ्याविषयी इतकं चांगलं तिनं कुणाला ऐकवल्याचं मला आठवत नाही.

आणि तो गाडीतला प्रकार! बिघडलेल्या बिअरची प्लास्टिकची छोटी बाटली तू घरी न्यायला घेतलीस आणि मी तुला सोडायला म्हणून जुरोंग ईस्टच्याही पुढं आलो. डब्यात ऊन येत होतं. अर्ध्या वाटेत तुझ्या पिशवीतून सुस्कारे ऐकू यायला लागले. मग ‘टप्’ करून झाकण उडालं आणि पिशवीच्या खालून फेस गळायला लागला. समोरची चिनी आजीबाई वाकून बघून म्हणाली, ‘अंकल, युअर बॅग क्रायिंग लाह.’ इथं गाडीत पाणी प्यायचीसुद्धा बंदी, आणि जन्मात दारूचा थेंब न घेतलेला डॉक्टर माणूस पायाशी बिअरचं तळं घेऊन बसलेला! मी घाबरून रुमाल शोधत होतो. तू मात्र खाली वाकून वास घेत होतास. ‘अरे, पाहा ना, पाहा! गाडीत बसल्यावर वास वाढला! म्हणजे त्याला उष्णता आवडते!’ मी तुला दंडाला धरून उतरवलं. आजीबाईंनी स्वतःच्या पिशवीतले टिश्यू दिले, वर आपल्या दोघांकडेही चोरून घोट घेताना सापडलेल्या मुलांकडे बघावं तसं बघितलं.

आता माझ्या पापाकडे येतो.

तू दर घाण्याला विचारायचास, ‘सॅनिटायझरनं बादली धुतल्यावर पुढं काय केलं?’ मी म्हणायचो, काही नाही. ‘काही नाही म्हणजे?’ काही नाही म्हणजे काही नाही, सरळ बिअर ओतली. ते सॅनिटायझर तसंच ओलं ठेवायचं असतं, फेस राहिला तरी राहू द्यायचा असतो, हे तू मला शंभरदा सांगितलं होतंस आणि मी शंभरदा मान हलवली होती. पण मी लोणचं घालणाऱ्या घरातला मुलगा. बरणीला थेंबभर पाणी राहिलं तर वर्षाचं लोणचं जातं, हे माझ्या आईनं पाठीत धपाटे घालून शिकवलेलं. बरणी धुवायची, पुसायची, कोरडी ठणठणीत करायची, मगच आत काही घालायचं. तर मी काय करत होतो? बादली सॅनिटायझरनं विसळायचो आणि खांद्यावरच्या जुन्या पंच्याच्या फडक्यानं आतून छान पुसून घ्यायचो. दर वेळी. खोटं बोलत नव्हतो रे. ते मी ‘करत’ आहे हेच मला माहीत नव्हतं. चष्मा घालतो का असं कुणी विचारलं तर नाकावर हात नेऊन बघायला लागावं, तसं.

कळलं त्याच दिवशी ज्या दिवशी तुला तोटी सापडली.

तू त्या शनिवारी पान्हा घेऊन आला होतास. बादलीची तोटी मी कायम बाहेरून धुवायचो, तू ती पहिल्यांदा सबंध खोललीस. आतल्या आट्यांमध्ये राखाडी, बुळबुळीत थर. नखानं काढलास, नाकाशी नेलास, आणि मिलिंद, पन्नाशीला आलेला माणूस स्वयंपाकघरात इतक्या उंच उडालेला मी पाहिला नाही. ‘सापडला बे! सापडला! इथंच बसून होता चौदा महिने, आणि आपण त्याच्याच समोर त्याला शोधून राहिलो!’ अंजली धावत आली, माझी ईशा अभ्यास सोडून आली, तू सगळ्यांना वास दिलास. मग नवी तोटी बसवलीस, मला म्हणालास, ‘आता एवढी एकच गोष्ट बदलली. बाकी सगळं जसं करतोस तसंच कर.’

मी बादली सॅनिटायझरनं विसळली. माझा हात खांद्यावरच्या फडक्याकडे गेला. तू शेजारी उभा होतास, आनंदानं अजून धापा टाकत. हात फडक्यावर, आणि दर वेळी आपण हेच करतो हे मला तेव्हा कळलं. मी तुझ्याकडे पाहिलं, फडकं सोडलं आणि ओली बादली तशीच भरली.

म्हणजे त्या घाण्यात दोन गोष्टी बदलल्या. एक तुझी, वहीत लिहिलेली. एक माझी, कुणाला न सांगितलेली.

बोलायला हवं होतं, त्याच क्षणी. पण चौदा महिने तू बेटाच्या त्या टोकाहून येत होतास, आणि उत्तर माझ्या खांद्यावर लटकत होतं हे सांगायला माझी जीभ उचलेना. आणि तू इतका खूश होतास! चार आठवड्यांनी बाटली उघडली. वास नाही. म्हणजे फक्त बिअरचा. तू ग्लास नाकाशी धरून बराच वेळ राहिलास. मग माझ्या हातात देऊन खुर्ची ओढून समोर बसलास. ‘तू पी. मी पाहतो.’ मी प्यायलो. तू माझ्या चेहऱ्याकडे असा बघत होतास जसा बाप पोरीचा नाच बघतो. त्या वेळी सांगू? नाहीच सांगता आलं.

मग मराठी वर्गाच्या स्नेहसंमेलनात तू तोटीची गोष्ट सांगितलीस, पोरं हसून लोळली, ती तिसरी वेळ. हळूहळू शनिवार कमी झाले. कशाला येणार होतास? बिअर निर्मळ होती. मी दोन-तीनदा फोनवर उगीच म्हणून पाहिलं, ‘या वेळच्या घाण्याला जरा वास वाटतोय रे.’ तू म्हणायचास, ‘तोटी खोलून धू.’ केस बंद झाली होती.

चौथी वेळ इस्पितळात. तुझं दुखणं कळून जेमतेम अडीच महिने झाले होते. हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून, रस्ताभर वाक्य घोळवत आलो होतो. पडद्यापलीकडूनच तुझा आवाज आला. तू नर्सला इंग्रजीतून तोटीचे आटे म्हणजे काय ते समजावत होतास, बोटांनी पान्हा फिरवून. ती फिलिपिनो पोरगी माझ्याकडे वळून म्हणाली, ‘सर, आर यू द बकेट?’ मी म्हटलं, हो, मीच बादली. तू इतका हसलास की नळ्या हलल्या आणि ती आपल्याला दोघांनाही ओरडली. आणि मी घोळवलेलं वाक्य घेऊन परत गेलो.

मंडई नावाच्या इथल्या दाहगृहात तुझा निरोप घेतला तेव्हा सगळ्यांनी त्रिशरण आणि पंचशील म्हटलं. मला येत नव्हतं, ईशानं फोनवर उघडून दिलं होतं. चार शीलं नीट म्हटली. पाचव्याला थांबलो. काय तोंडानं म्हणणार? घरी बॉम्ब शेल्टरमध्ये वीस लिटर मुरत होती. मान वर केली तर सुजाता माझ्याकडेच बघत होती, डोळ्यांत पाणी आणि ओठ दाबून धरलेले. त्या एवढ्या रडण्यात आम्ही दोघांनी तुझ्यासाठी हसू दाबलं, तू तिथं असतास तर तुला ते आवडलं असतं.

आठवड्याभरानं ती बुकित बातोकला आली. पर्समधून तिनं एक झिपची पिशवी काढली. आत जुनी तोटी! वर तुझ्या अक्षरात ‘दोषी’.

‘दीड वर्ष फ्रीजमध्ये लोण्याच्या कप्प्यात ठेवली त्यानं. मी म्हणायची फेक, तर म्हणायचा पुरावा आहे. तुमची आहे म्हणे, तुम्ही ठेवा.’

ती गेल्यावर मी ती पिशवी समोर ठेवून बसलो. तू माझ्यावर विश्वास ठेवून एका तोटीला फाशी दिली होतीस. ती निर्दोष असेल तर? चुकीचं उत्तर बरोबर समजून कुणी खूश राहिलं तर ते तुझ्या दृष्टीनं सगळ्यात वाईट, आणि मी तुला तसंच ठेवून जाऊ दिलं होतं. तेव्हा अंजलीला सांगितलं. पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. ती म्हणाली, ‘मग बघून टाका ना एकदाचं.’

दोन सारख्या बादल्या आणल्या. एकच घाणा, एकाच यीस्टचे दोन भाग. पहिल्या बादलीला तुझी दोषी तोटी, आणि आतून फडकं लावलं नाही. दुसरीला नवीकोरी तोटी, आणि आतून फडक्यानं खसखसून पुसली, अगदी आईला अभिमान वाटावा अशी. तारखा वहीत लिहिल्या. साडेतीन आठवडे मी बाटल्यांना हात लावला नाही. गेल्या शनिवारी ग्लासांवर फक्त एक आणि दोन लिहून ईशाला बोलावलं. कुठला कुठला तिला माहीत नव्हतं. वास फक्त घ्यायचा, तुझ्यासारखा.

तिनं पहिला उचलला आणि तोंड वाकडं केलं. ‘ईऽ! बाबा, धिस वन इज प्लास्टर लाह!’ जखमेच्या पट्टीला इथली पोरं प्लास्टर म्हणतात. दुसऱ्यावर नाक बराच वेळ ठेवलं. ‘धिस वन ओके, व्हॉट. जस्ट बिअर.’

पहिला तोटीचा. दुसरा फडक्याचा.

मी पुन्हा घ्यायला लावला. तेच. मीही घेतला. तेच. तोटीच होती रे, मिलिंद! तू अर्ध्याच माहितीवर बरोबर होतास. दीड वर्ष मी ज्या गुन्ह्याखाली वाकून चाललो तो मी केलाच नव्हता. गुन्हेगार म्हणूनसुद्धा मी काही फार मोठा निघालो नाही.

‘पण फडकं कसं सुटलं?’ मी विचारलं.

‘ते पंच्याचं ना?’ अंजली म्हणाली. ‘दर आठवड्याला उकळून काढते मी ते, आणि बांबूवर कडक उन्हात वाळवते. या घरात एक गोष्ट खात्रीनं स्वच्छ आहे ती तीच. तुम्ही दोघांनी चौदा महिन्यांत एकदा मला विचारायचं होतं.’

मी सुजाताला फोन लावला. सगळं सांगितलं, पुसण्यापासून प्लास्टरपर्यंत. मग तिकडून हसू आलं, मोठ्यानं, थांबेना असं.

‘अविनाशभाऊ, तेव्हाच बोलले असते ना तुम्ही, तर काय झालं असतं माहीत आहे? रागावला नसता तो. नवी वही काढली असती त्यानं. पहिल्यापासून सगळं पुन्हा करायला लावलं असतं तुम्हाला. फडकं, तोटी, तोटी, फडकं. प्रत्येक शनिवारी येऊन बसला असता. अजून एक वर्ष!’

हो ना, सुजाता, म्हटलं. अजून एक वर्ष.